शाल, श्रीफळ आणि शाळेचे ऋण

१ मे हा दिवस महाराष्ट्रातील शाळांत दुहेरी महत्त्वाचा असतो. सकाळी राज्याच्या स्थापनेचे ध्वजवंदन होते आणि पाठोपाठ वर्षभराच्या अभ्यासाचा निकाल मुलांच्या हाती पडतो. वऱ्हाडात हा सोहळा आटोपशीर ठेवावा लागतो. नऊ वाजले की ऊन अंगावर येते. अकोल्याचा पारा या दिवसांत ४४-४५ अंशांपर्यंत सहज जातो. राज्याच्या इतर भागांपेक्षा विदर्भातील शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात त्या याच उन्हामुळे. तरीही या घाईगर्दीच्या सकाळी शाळा एक गोष्ट आवर्जून करते. वर्ष संपताना आपण कोणाचे ऋणी आहोत हे ती चार लोकांसमक्ष सांगते. हे सांगणे कितपत नेमके असते, हा या लेखाचा विषय आहे.

अलीकडेच अमरावती-अकोला मार्गावरील एका गावच्या शाळेत अशा समारंभास पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. कार्यक्रम आपल्या सर्वांच्या परिचयाचा होता. प्रथम क्रमांकाच्या मुलांना करंडक, शिष्यवृत्तिधारकांना पुष्पगुच्छ, एका मुलाला ‘आदर्श विद्यार्थी’ म्हणून प्रशस्तिपत्र. मग सेवानिवृत्त होणारे गुरुजी आणि पुरस्कारप्राप्त शिक्षिका यांना शाल व श्रीफळ. पाण्याचा पेला देताना शाळेचे शिपाई हळूच म्हणाले, “सर, तो दुसऱ्या रांगेतला पोट्टा पाहा. नंबर काई येत नाई त्याचा. पन शाळेत सगळ्यांच्या पहिले तोच येते अन् रांजन भरून ठेवते. कोनं सांगतलं नाई त्याले.”

आदर्श विद्यार्थ्याचे नाव पुकारले गेले, ते दुसऱ्याचे होते. ते नाव चुकीचे होते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्या मुलाला मी ओळखतही नाही. परंतु शिपायाला जे दिसले ते व्यासपीठाला का दिसले नाही, हा प्रश्न परतीच्या प्रवासात मनातून जाईना. त्याचे आणखी एक कारण होते. प्रस्तुत लेखकालाही शाळेत असताना हाच मान मिळाला होता. त्याच वर्षी मी गणिताची एक संपूर्ण वही मित्राच्या वहीवरून उतरवून काढली होती. ही गोष्ट मला ठाऊक होती, मित्राला ठाऊक होती, शाळेला नव्हती. टाळ्या वाजत असताना तो मित्र समोरच बसला होता.

शीलाचे मोजमाप करण्याचा शास्त्रीय प्रयत्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोन संशोधकांनी दहा हजारांहून अधिक मुलांना नकळत अशा प्रसंगांत ठेवले, की जेथे फसवणूक करणे सोपे होते. त्यांचे निष्कर्ष १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झाले आणि त्यांनी अनेकांना अस्वस्थ केले. प्रामाणिक मुले आणि लबाड मुले अशी दोन गटांत वाटणी होईना. वर्गात नक्कल करणारा मुलगा खेळात सचोटीने वागे, आणि पैशाला हात न लावणारा गुणांच्या बाबतीत खोटेपणा करी. पुढील संशोधकांनी या निष्कर्षाला मुरड घातली. अनेक प्रसंगांची बेरीज केली तर मुलाच्या वागण्यात काही सातत्य दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. तथापि मूळ धडा टिकून राहिला. एखाद-दुसऱ्या प्रसंगावरून मुलाच्या कपाळी ‘आदर्श’ हा शिक्का मारणे धोक्याचे आहे. शिवाय त्या दोघांना असेही आढळले होते, की प्रामाणिकपणाचे प्रमाण वर्गावर्गांत वेगळे असते. म्हणजे शील हे मुलाच्या अंगी असते तसेच ते वर्गाच्या हवेतही असते, आणि ती हवा तयार करणारी माणसे शाळेत वर्षभर राबत असतात.

दुसरा प्रयोग १९७३ चा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतील चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला ते न सांगता, अनपेक्षितपणे दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटाची चित्रांतील गोडी उतरलेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची कायम होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटायला नको. ज्या गोष्टीला आपण भाव ठरवून देतो, ती गोष्ट विक्रीची होते. उद्या रांजण भरण्यासाठी ‘सेवाभाव करंडक’ जाहीर झाला, तर रांजणाभोवती गर्दी होईल. पण ती करंडक वाटून होईपर्यंतच टिकेल.

मग गुणगौरव बंद करावेत काय? मुळीच नव्हे. परीक्षेच्या गुणांपलीकडील गुणांना रोकड किंमत आहे, हे अर्थशास्त्रानेच सिद्ध केले आहे. २००० साली नोबेल पारितोषिक मिळालेले जेम्स हेकमन यांनी अमेरिकेतील एका तरुणवर्गाचा अभ्यास केला. शाळा अर्धवट सोडून पुढे समकक्ष परीक्षा उत्तीर्ण झालेली ही मुले बुद्धीच्या चाचणीत शाळा पूर्ण करणाऱ्यांच्या तोडीची होती. परंतु कमाईत आणि नोकरी टिकवण्यात ती शाळा सोडलेल्यांच्याच जवळ राहिली. चिकाटी, वक्तशीरपणा, दिलेला शब्द पाळणे या गोष्टी त्या परीक्षेला मोजता आल्या नव्हत्या. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या घरातले प्रत्येक हात शेतात लागतात, त्या घरची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. तिची ती उपस्थिती म्हणजे हजेरीपटावरची एक खूण एवढीच आपण मानणार असू, तर आपले मोजमाप अपुरे आहे.

हा विचार वऱ्हाडला परका नाही. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आजोळी गुरे राखीत वाढलेले गाडगेबाबा शाळेत शिकले नव्हते. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे त्यांनी लोकांच्या सोयीसाठी घाट बांधण्याचे काम हाती घेतले, आणि गावात शिरताच खराटा हाती घेणारा हा पुरुष जन्मभर मुलांना शिकवा, पोटाला चिमटा घेऊन शिकवा, असे सांगत राहिला. १९८३ मध्ये अमरावतीला विद्यापीठ झाले. पुढे त्याला नाव मिळाले ते याच माणसाचे. पदवी नसलेल्या माणसाच्या नावाने येथे पदव्या दिल्या जातात, ही गोष्ट शीलाचा मान कसा राखावा याचे उत्तम उदाहरण आहे. बाबांना तो मान त्यांच्या कृतीने मिळाला. त्यांनी तो मागितला नव्हता.

डॉ. पंजाबराव देशमुख यांचे स्मरणही या ऋतूतच होते. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. ऑक्सफर्डहून डी. फिल. घेऊन आलेल्या या शेतकरीपुत्राने अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. खेड्यातून आलेल्या निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका छताखाली राहावे, हा त्या काळी चारित्र्याचा पाठच होता. तो पुस्तकात नव्हता, दिनक्रमात होता. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ पासूनची परंपराही हेच सांगते. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या प्रात्यक्षिकांमागे पहाटेच्या आखाड्यातील अनेक वर्षे होती, त्यांची नोंद मात्र क्वचितच होते.

आता शिक्षकांच्या सत्काराकडे वळू. येथे माझ्या मताच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा प्रथम नोंदवतो. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००५ पासून आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत एक प्रयोग केला. मुलांच्या गुणांत सुधारणा झाली तर शिक्षकांना अधिक पैसे, अशी त्याची योजना होती. दोन वर्षांनंतर अशा शाळांतील मुले इतर शाळांतील मुलांपेक्षा पुढे गेलेली आढळली. म्हणजे शिक्षकाच्या श्रमाला पैशाची जोड दिल्याने फळ मिळते, हे नाकारता येत नाही. परंतु तेथे जे मोजले ते परीक्षेतील यश होते. मुलाच्या शीलासाठी शिक्षक जे करतो, म्हणजे गैरहजर मुलाच्या घरी जाणे, रडणाऱ्या मुलीला बाजूला घेऊन विचारणे, ते कोणत्याच प्रश्नपत्रिकेत उतरत नाही. त्याची किंमत करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग मला दिसतो : ज्याच्याकडून हे काम हवे, त्याला निर्धास्तपणे जगता येईल असे वेतन वेळेवर देणे.

या कसोटीवर आपला सत्कार समारंभ फिका पडतो. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. २०२३ मध्ये प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन दरमहा ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये झाले. तोपर्यंत पदवी-पदविका घेतलेला तरुण कोणत्या हिशेबाने घर चालवीत होता, याचा विचार त्याच्या खांद्यावर शाल घालणाऱ्यांनी करावा. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानगी देण्याचे धोरण आले, २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळला गेला, आणि त्यानंतर वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्प्यांनी अनुदान येऊ लागले. या टप्प्यांची वाट पाहण्यात अनेक शिक्षकांच्या उमेदीची वर्षे गेली. अशा शिक्षकाने वर्गात सचोटीचा पाठ शिकवला असेल, तर त्याचा गौरव श्रीफळाने पुरा होत नाही. तो समाजाचा धनको आहे.

कोणी म्हणेल, वेतनाचा प्रश्न शासनाचा. शाळेने निदान कौतुक तरी करावे की नाही? अवश्य करावे. मात्र ते नेमके असावे. यासाठी तीन साध्या सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली : विशेषणाऐवजी कृती वाचून दाखवावी. ‘आदर्श’, ‘गुणी’, ‘सुसंस्कृत’ हे शब्द कोणालाही लागू पडतात. “या मुलाने वर्षभर, कोणी न सांगता, शाळेचा रांजण भरला” हे वाक्य एकालाच लागू पडते, आणि ऐकणाऱ्या इतर मुलांना आपणही काही करू शकतो हे कळते. दुसरी : अशा गौरवाची आगाऊ घोषणा करू नये, त्याला ठरलेली संख्या नसावी आणि नावे सुचवताना शिपाई, स्वयंपाक करणाऱ्या ताई आणि खुद्द मुले यांनाही विचारावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचवलेल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मत घेण्याची कल्पना आहे. ती चांगली आहे. परंतु त्या रकान्यांनाही गुण देण्याचा मोह झाला तर आपण पुन्हा बाजारातच उभे राहू. तिसरी : शिक्षकांपैकी एकाच्या सत्काराबरोबर सर्वांच्या मिळून झालेल्या एका कामाचा उल्लेख व्हावा. गळतीच्या वाटेवरील मूल परत येते ते बहुधा एकट्याच्या प्रयत्नाने येत नाही. कोणी चौकशी केली, कोणी वह्या दिल्या, कोणी वडिलांची समजूत घातली, तेव्हा ते येते.

त्या दिवशी माझे भाषण तयार होते. त्यात शिक्षणाचे महत्त्व, स्पर्धेचे युग वगैरे नेहमीची वाक्ये होती. ते बाजूला ठेवून मी शिपायांनी सांगितलेली गोष्ट सांगितली. मुलाचे नाव घेतले नाही, कारण ते मला ठाऊकच नव्हते. क्षणभर शांतता झाली आणि मग दुसऱ्या रांगेतील साऱ्या माना एकाच दिशेला वळल्या. त्याला कोणता करंडक मिळाला नाही, त्याने तो मागितलाही नव्हता. समारंभ संपल्यावर मुले पाणी प्यायला धावली. रांजण भरलेला होता. जून अखेरीस शाळा पुन्हा उघडेल तेव्हा तो कोण भरतो, याकडे त्या शाळेचे आता लक्ष असेल. शाळेच्या ऋणमोचनाला एवढ्या लक्षापासून सुरुवात झाली तरी पुष्कळ आहे.