को-ऑप म्हणजे बँक नव्हे! कॉलेजची मुलं कामाला घ्यायची, तर मालकाने काय करायचं?



को-ऑप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हाउसिंग सोसायटी, पतसंस्था, फार तर साखर कारखाना. पण तुमचा एखादा मित्र कॅनडात शिकायला गेला असेल, तर त्याच्या तोंडी हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. ‘माझा को-ऑप लागला’ म्हणजे तो चार महिने एका कंपनीत पगारी कामाला लागला, आणि ते काम त्याच्या डिग्रीचाच भाग आहे. थोडे महिने वर्ग, थोडे महिने काम, पुन्हा वर्ग. कॉलेज आणि कंपनी मिळून मुलाला शिकवतात, म्हणून को-ऑपरेटिव्ह.

यावरचे सल्ले बहुतेक विद्यार्थ्यांना दिले जातात. आजचा एपिसोड मात्र टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यासाठी आहे. तुमचं स्वतःचं छोटं काही चालू असेल, घरचं वर्कशॉप असेल, किंवा कंपनीत नुकतेच टीम लीड झाला असाल, तर तुमच्यासाठी. विद्यार्थी असाल तरी ऐका. मालकाकडे काय मागायचं ते कळेल.

सुरुवात कशी झाली?

1906 साल, अमेरिकेतलं सिनसिनाटी विद्यापीठ. तिथले प्राध्यापक हर्मन श्नायडर यांचं म्हणणं असं, की इंजिनिअरिंगचा बराच भाग वर्गात शिकवताच येत नाही, तो कारखान्यातच शिकावा लागतो. मग त्यांनी 27 मुलं घेतली आणि त्यांचे दोन गट केले. एक गट आठवडाभर वर्गात, दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल.

आता हे मालकाच्या बाजूने बघा. त्याची नेहमीची तक्रार काय असते? ‘पोरगं जरा शिकतं आणि परीक्षा आली म्हणून निघून जातं, माझं काम अडतं.’ इथे एक मुलगा वर्गात गेला की त्याच्या जागी दुसरा हजर. जागा रिकामी राहतच नाही. म्हणजे या पद्धतीत पहिल्या दिवसापासून मालकाच्या अडचणीचाही विचार होता. मालकावर उपकार मागितले नव्हते, सोय बघितली होती.

पुढे 1957 मध्ये कॅनडात वॉटरलू विद्यापीठ याच पायावर सुरू झालं. आज को-ऑपसाठी जगभर त्याचं नाव घेतात. तिथे कंपनी आधी कामाचं वर्णन टाकते, मुलं अर्ज करतात, मुलाखती होतात. मग कंपनी मुलांना पसंतीक्रम देते आणि मुलंही कंपन्यांना देतात! टर्म संपली की कंपनीला मुलाचं लेखी मूल्यमापन करावं लागतं. ऑन्टारिओ प्रांताचं सरकार अशा कंपन्यांना एका प्लेसमेंटमागे 3,000 डॉलरपर्यंत कर-सवलत देतं.

आपल्याकडे आहे का हे?

आहे. बिट्स पिलानीने 1973 मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केलं. मुलं आधी उन्हाळ्यात दोनेक महिने आणि नंतर जवळजवळ एक पूर्ण सेमिस्टर कंपनीत काम करतात. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉलेजचे प्राध्यापकही त्यात लक्ष घालतात. मुलगा कंपनीच्या दारात सोडला आणि कॉलेजची जबाबदारी संपली, असं नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे साध्या पदवीतही इंटर्नशिप आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. चार क्रेडिटचं ट्रेनिंग म्हणजे साधारण 120 तास. त्यामुळे तुमच्या गावातल्या कॉलेजातून ‘आमची दोन मुलं घ्याल का?’ असा फोन येण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा ‘पाठवा, बघू’ म्हणू नका. पाच गोष्टी करा.

एक: आधी काम ठरवा, मग मुलगा

कागदावर लिहा: कुठलं काम सहा महिने रखडलंय? त्याला सुरुवात आणि शेवट हवा, आणि ते झाल्यावर कुणीतरी ते वापरलं पाहिजे. वर्कशॉपमध्ये रिजेक्ट होणाऱ्या पार्टची कारणं नोंदवून त्यांचा तक्ता करणं. दुकानात पडून राहिलेल्या मालाची यादी. सीएच्या ऑफिसात एका क्लायंटच्या बिलांचा जीएसटी रिटर्नशी ताळा घालणं. 120 तास म्हणजे जेमतेम तीन आठवडे, तेव्हा काम तेवढंच निवडा. मोठं काम असेल तर सहा महिन्यांची अप्रेंटिसशिप बघा.

दोन: एक माणूस नेमा

‘सगळेच शिकवतील’ म्हणजे कुणीच शिकवणार नाही. जो ते काम रोज स्वतः करतो, तो माणूस हवा. आणि त्याच्या डोक्यावरचं काम रोज अर्धा तास तरी कमी करा. नाहीतर त्याला तो मुलगा म्हणजे ओझं वाटणार, आणि ते मुलाला पहिल्याच दिवशी कळणार.

तीन: कॉलेजात स्वतः जा

ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरला सेमिस्टरच्या सुरुवातीलाच भेटा. परीक्षा कधी, सबमिशन कधी, हे विचारून घ्या. श्नायडरची युक्ती इथेही चालते: दोन मुलं आलटून पालटून मिळतील का, ते विचारा. मुलाखत घ्या, पण मार्कांवर अडून बसू नका. एवढ्यात मुलं घेणं जमणार नसेल, तर वर्कशॉप दाखवायला बोलवा, किंवा तुमची एखादी खरी अडचण त्यांना प्रोजेक्ट म्हणून द्या. स्वायत्त कॉलेजांच्या अभ्यास मंडळात उद्योगातल्या प्रतिनिधीसाठी जागा असते. तिथे बसलात, तर काय शिकवायचं यावरही बोलता येतं.

चार: पैसे आणि कागद

1961 चा अप्रेंटिस कायदा माहीत असू द्या. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे: मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के. 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. अप्रेंटिसशी करार करावा लागतो आणि तो पोर्टलवर नोंदवावा लागतो. 2019 च्या नियमांत पदवीधर अप्रेंटिसला महिन्याला किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं. हे दर सरकार बदलत असतं, म्हणून करार करताना पोर्टलवरचा चालू दर बघा. केंद्राच्या ‘नॅप्स’ योजनेत सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये वाटा उचलतं. पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठीच्या ‘नॅट्स’मध्ये किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा सरकारचा असतो.

कॉलेजच्या 120 तासांच्या इंटर्नशिपला हा कायदा आपोआप लागू होत नाही. पण म्हणून फुकट राबवायचं का? निदान येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च तरी द्या. बस-रिक्षाचे पैसे नाहीत म्हणून चांगला मुलगा तुमच्याकडे येऊच शकला नाही, तर त्यात तोटा तुमचाही आहे.

पाच: खरं मूल्यमापन करा

मध्यावर एकदा, शेवटी एकदा. काय जमलं, काय नाही, स्पष्ट लिहा. सगळ्यांनाच ‘एक्सलंट’ दिलं की त्या कागदाला काही किंमत राहत नाही.

आणि एक गोष्ट, जिथे तडजोड नाही

कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे. त्याला पुढे नोकरी द्यायचंही बंधन नाही. यातून काही मालक ‘स्वस्तातला कामगार’ असा अर्थ काढतात आणि नवख्या मुलाला पहिल्याच आठवड्यात पॉवर प्रेसवर उभं करतात. प्रेस शॉपमध्ये बोटं गेल्याच्या घटना औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना नवीन नाहीत. आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी अप्रेंटिसलाही लागू आहेत, आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. पण भरपाईने बोट परत येत नाही. तेव्हा मशीन दाखवण्याआधी ते बंद कसं करायचं, हे दाखवा.

दुसरं टोकही आहे. मुलाला कोपऱ्यात बसवायचं, झेरॉक्स काढायला लावायचं आणि शेवटी सही-शिक्का देऊन मोकळं व्हायचं. यात जखम दिसत नाही, पण तो मुलगा एकच धडा घेऊन जातो: काम म्हणजे वेळ काढणं. मग दोन वर्षांनी तोच तुमच्याकडे नोकरी मागायला येतो, आणि आपण म्हणतो, ‘हल्लीच्या पोरांना काही येत नाही.’

येणार कुठून? कॉलेजचा वाटा कॉलेजने उचलायचा, पण उरलेला धडा मालकाकडेच आहे. त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही. एक खरं काम, ते शिकवणारा एक माणूस आणि एक खरा अभिप्राय एवढं पुरतं.

तर या आठवड्यात एवढंच करा: तुमच्याकडचं एक रखडलेलं काम कागदावर लिहा आणि जवळच्या कॉलेजला एक फोन लावा. विद्यार्थी असाल, तर हा एपिसोड तुमच्या होणाऱ्या मालकाला पाठवा!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.