परीक्षेला कधी बसायचे, हे कोण ठरवते?

भातसानगर हे जुने गाव नव्हे, वसाहत आहे. शहापूर तालुक्यात भातसा नदीवर धरण झाले, त्या कामावरच्या माणसांसाठी ती उभी राहिली. धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळा आला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. वर्तमानपत्रे ही गोष्ट दरवर्षी छापतात आणि पाऊस पडला की विसरतात. परंतु आजचा विषय पाण्याचा नाही. दहावी पास झालेल्या मुलांचे आईबाप, आश्रमशाळांतले शिक्षक आणि आपले कार्यकर्ते अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्याचा आहे. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला मुलाने केव्हा बसावे? बारावीतच, की एक वर्ष थांबून? जानेवारीत, की एप्रिलमध्ये?

कल्याण-ठाण्याच्या क्लासवाल्यांकडे याचे उत्तर तयार असते: आठवीपासून तयारीला लागा. फी भरू शकणाऱ्याला हे उत्तर चालते. वीटभट्टीच्या हंगामात शाळा सुटणाऱ्या मुलाला आठवीत काय सांगायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही आणि ते त्यांना कोणी विचारतही नाही.

थोडे मागे जाऊ. मॅट्रिक या शब्दाला आज शाळेच्या शेवटाचा वास येतो, पण मुळात ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षाच होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिक घेतली. बाबासाहेब १९०७ साली ती पास झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. त्यांचे आजोळ मुरबाडकरांचे, म्हणजे आपल्याच शेजारच्या तालुक्यातले. तेवढ्या गुणांवर त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजचे दार उघडले, कारण त्या परीक्षेत पास होणे पुरेसे होते, इतरांच्या पुढे जाणे नव्हे. आजची परीक्षा पास-नापास करीत नाही, ती रांग लावते. रांगेत आपण कधी उभे राहायचे हा प्रश्न म्हणूनच नवा आहे, आणि रांगेत दुसऱ्यांदा उभे राहण्याची ऐपत कोणाची हा त्याच्याच पोटातला प्रश्न आहे.

आता वेळापत्रक पाहू. अकरावीतल्या मुलाला यांपैकी कोणत्याही परीक्षेला बसता येत नाही. बारावीला बसलेला किंवा बारावी झालेला उमेदवार लागतो. जेईई मेन ही परीक्षा वर्षात दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, आणि दोहोंतला चांगला गुणांक धरतात. ती ओळीने तीन वर्षे देता येते. तिच्यातून निवडलेल्यांसाठी असलेली जेईई अॅडव्हान्स्ड मात्र ओळीच्या दोनच वर्षांत, दोनदाच. नीट वर्षातून एकदा होते. तिला प्रयत्नांची मर्यादा नाही, ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये निघाली. राज्याची एमएचटी-सीईटी इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी शिक्षणासाठी आहे. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर आणि उरलेले बारावीवर असतात. २०२६ पासून तीही दोनदा, एप्रिलमध्ये आणि मेमध्ये, घेण्याचा निर्णय जाहीर झाला. पहिली सर्वांसाठी, दुसरी ज्याला हवी त्याच्यासाठी.

वरवर पाहता दोन संधी म्हणजे दयाळूपणाच. पण दुसऱ्या संधीला दुसरी फी असते, दुसरे केंद्र असते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. सकाळच्या पाळीचा पेपर नऊला सुरू होतो आणि त्याच्या बऱ्याच आधी केंद्राच्या दारात हजर व्हावे लागते. पाड्यावरच्या मुलीला त्यासाठी आदल्या दिवशीच निघावे लागते, कोणाच्या तरी घरी मुक्काम करावा लागतो, आणि बरोबर येणाऱ्या बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते.

जानेवारीच्या जेईईविषयी माझे मत स्पष्ट आहे. आपल्या बहुतेक मुलांसाठी ती फार लवकर येते. आश्रमशाळेत दहावीपर्यंत सारे मराठीत (घरची बोली कातकरी किंवा ठाकरी, ती वेगळीच), आणि अकरावी विज्ञानाला गेल्यावर पुस्तके एकाएकी इंग्रजीत. बल, वेग, आम्ल, पेशी हे शब्द ज्याने आत्ता कुठे आपलेसे केले होते, त्याला ते सारे नव्या नावांनी पुन्हा शिकावे लागतात. यातच अकरावीचे निम्मे वर्ष जाते. जानेवारीच्या सुमारास बारावीच्या प्रात्यक्षिकांची तयारी सुरू असते आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा लागते. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी मागासवर्गीय उमेदवाराला बारावीच्या संबंधित विषयांत ४० टक्के लागतात, इतरांना ४५; बोर्डाकडे दुर्लक्ष केले तर सीईटीचा पर्सेंटाइल कितीही असो, तो वाया जातो. अकरावीचा अभ्यास पुरा झाला असेल आणि केंद्र जवळचे मिळत असेल तर जानेवारीत खुशाल बसावे, कारण एकाच वर्षातल्या दोन फेऱ्यांनी तीन वर्षांचा हिशेब बिघडत नाही. पण तिथे कमी गुण आले म्हणून एप्रिलचा नाद सोडणारी मुले असतात. त्यांच्या पाठीशी कोणी तरी उभे राहायला हवे.

पेपर कोणत्या भाषेत घ्यायचा हेही अर्ज भरतानाच ठरते. नीट आणि जेईई मेन आज मराठीतून देता येतात. सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र मराठीत मिळते, गणित मात्र इंग्रजीतच. जेईई अॅडव्हान्स्डला इंग्रजी किंवा हिंदी. मातृभाषेचा अभिमान म्हणून मराठीवर खूण करणे भाबडेपणाचे ठरू शकते. ज्याने दोन वर्षे इंग्रजी पारिभाषिक शब्दांनी अभ्यास केला, त्याला परीक्षेत ‘संवेग’ आणि ‘जडत्व आघूर्ण’ समोर आले तर तो अडखळेल. अकरावीच्या सुरुवातीलाच दोन्ही भाषांतले जुने पेपर सोडवून पाहावेत आणि मगच ठरवावे.

पण खरी तारीख याहून आधीची आहे, आणि ती क्लासवाल्यांच्या कॅलेंडरात नसते. ती जात पडताळणीची. २००१ पासून अमलात असलेल्या कायद्याप्रमाणे राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणात प्रवेश घ्यायचा तर केवळ जातीचा दाखला चालत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. पुरावा मागतात तो अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, असे सहज सांगितले जाते. आजोबांना शाळेत बसू दिले नाही म्हणून तर आरक्षण आले! कातकऱ्यांच्या घरात ना जमिनीचा सातबारा, ना शाळेची नोंद. मग जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, नातेवाइकांचे दाखले आणि गृहचौकशी यांवर भिस्त राहते, आणि त्याला महिनेच्या महिने लागतात.

भातसानगरसारख्या वसाहतीत आणखी एक पेच आहे. धरणावर आणि खात्यात कामाला आलेली कुटुंबे दुसऱ्या जिल्ह्यांतली. मूल येथे जन्मले, येथे शिकले, पण त्या तारखेला कुटुंब जिथे राहत होते तिथूनच दाखला काढावा लागतो. म्हणजे परीक्षेच्या वर्षात बापाने रजा टाकून मूळ गावच्या तहसीलला खेटे घालायचे. महादेव कोळी आणि ठाकूर समाजांची प्रकरणे तर अधिकच रखडत आली. चालीरीती, देवदैवते यांची विचारपूस करणाऱ्या आप्तभाव चाचणीवर अनेक दावे फेटाळले गेले. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्याच संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही चाचणी म्हणजे प्रत्येक दाव्याची अंतिम कसोटी नव्हे. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळालेली असेल तर तो कागद सर्वांत भारी. चुलत्याच्या पेटीत तो पडून असतो आणि पुतण्या वणवण करतो, असे होऊ नये.

तेव्हा हिशेब उलटा मांडावा. दहावीच्या वर्षी जातीचा दाखला, अकरावीला प्रवेश झाल्याबरोबर कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज. आदिवासी मुलांचा कोकण विभागाच्या ठाण्यातील समितीकडे जातो. दरवर्षी मुदतवाढ मिळेलच या भरवशावर राहू नये. विमुक्त-भटक्यांच्या मुलांनी नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्याची मुदतही पाहावी.

राहिला वर्षभर थांबण्याचा प्रश्न. तमिळनाडूत २०२१ साली न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने नीटचा अभ्यास केला. त्या राज्यात मेडिकलला प्रवेश मिळालेल्यांत परीक्षा पुन्हा देणारे २०१६-१७ मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये सुमारे ७१ टक्के झाले. याचा अर्थ सरळ आहे: पहिल्या प्रयत्नात न मिळणे हा आता नियम झाला आहे, त्यात मुलाची लाज काही नाही. पण वर्ष विकत घेण्याची ताकद असणारेच पुढे सरकले. आपल्या मुलाने घरी बसून ‘ड्रॉप’ घेतला तर तो कोणत्याच कॉलेजात नसतो, म्हणून शिष्यवृत्ती नाही आणि शासकीय वसतिगृहातली खाटही जाते. मुलगी असेल तर त्या वर्षात स्थळे येऊ लागतात. म्हणून पुन्हा परीक्षा द्यायचीच असेल तर आधी बी.एस्सी.ला किंवा मिळेल त्या चांगल्या शाखेला नाव घालावे, खाट सांभाळावी आणि मग अभ्यास करावा. अभ्यासाला वेळ कमी मिळतो हे मान्य. पण घरी बसलेल्या मुलाला भातलावणीच्या दिवसांत तो किती मिळतो, हे शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे आपण कमीपणाने पाहतो. दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकला डिप्लोमाचा प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा. या वाटेवर सीईटी लागत नाही, जेईईही लागत नाही. एकूण वर्षे बारावीच्या वाटेइतकीच लागतात, आणि त्या सर्व काळात मूल कॉलेजात असते. ज्याचा हात यंत्रावर चालतो आणि ज्याची इंग्रजी अजून कच्ची आहे, अशा मुलाच्या घरी दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच जाऊन हे सांगितले पाहिजे. अकरावीचे अर्ज भरून झाल्यावर जाऊन उपयोग नाही.