विद्यापीठीय शिक्षणाचे मराठी माध्यम

विद्यापीठीय स्तरावरील अध्यापन, अध्ययन व परीक्षा मराठीतून होणे. मराठी हा विषय शिकविणे आणि मराठीतून अन्य विषय शिकविणे या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत नोंद दुसऱ्या अर्थाने आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत गणित व शिल्पशास्त्र यांचे शिक्षण मराठीतून देण्याचा प्रयत्न केला. तदर्थ मराठी पाठ्यपुस्तकेही तयार झाली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात मात्र इंग्रजी हेच माध्यम राहिले. धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने (१९१६) मातृभाषेच्या माध्यमाचा पुरस्कार केला.

१९८९ मध्ये राज्य विधिमंडळाच्या अधिनियमान्वये नासिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून शिकणारा विद्यार्थी रोज वर्गात येऊ शकत नाही. त्यामुळे पुस्तकालाच शिक्षकाचे काम करावे लागते. विद्यापीठाच्या स्वयंअध्ययन पुस्तकांत घटकाची उद्दिष्टे, विवेचन, प्रश्न व उत्तरे क्रमाने येतात. बारावी उत्तीर्ण नसलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आहे. कृषिविषयक शिक्षणक्रमांत मराठीचा लाभ विशेष जाणवतो, कारण तेथे शेतकऱ्याचे अनुभवसिद्ध शब्द व शास्त्रीय संज्ञा एकत्र वापरता येतात.

परिभाषेची उणीव हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अंशतःच खरा आहे. भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. खरी अडचण संज्ञा रूढ होण्याची आहे. ‘ऑस्मॉसिस’ला विश्वकोशात ‘तर्षण’, तर शालेय पुस्तकांत ‘परासरण’ असा शब्द आढळतो. शिवाय संदर्भग्रंथ इंग्रजीत असल्याने मराठीतून शिकलेल्या पदवीधराला पुढील अध्ययनात भाषा बदलावी लागते. विज्ञानशाखांत ही अडचण अधिक, मानव्यविद्यांत कमी.

नासिकमध्येच १९९८ साली महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक वैद्यकाचे तेथील माध्यम इंग्रजी आहे. रोग्याने मराठीत सांगितलेली लक्षणे विद्यार्थ्याला इंग्रजीत नोंदवावी लागतात. ही स्थिती महाराष्ट्रापुरती नाही. टांझानियातही सरकारी प्राथमिक शाळांत स्वाहिली व विद्यापीठांत इंग्रजी अशी विभागणी आढळते.