नॅनोमीटरचा आकडा नेमके काय सांगतो?

नवा मोबाइल घेताना ‘७ नॅनोमीटरपेक्षा ४ बरा, ४ पेक्षा ३ आणखी बरा’ असा हिशेब सर्रास केला जातो. तो फसतो, कारण हा आकडा आता चिपवरच्या कुठल्याच भागाचे माप नाही. एकेकाळी तो ट्रान्झिस्टरच्या गेटच्या लांबीशी जुळत असे. आज ते चिप बनवण्याच्या प्रक्रियेच्या पिढीचे नुसते नाव आहे. ‘३ नॅनोमीटर’च्या चिपमध्येही शेजारच्या दोन गेटमधले अंतर ४० नॅनोमीटरच्या वरच असते. शिवाय हे नाव जो तो कारखाना आपापले ठरवतो. इंटेलने २०२१ मध्ये आपल्या सुधारित १० नॅनोमीटर प्रक्रियेचे नाव ‘इंटेल ७’ केले. त्यात लबाडी नव्हती. ट्रान्झिस्टरच्या दाटीत ती इतरांच्या ७ नॅनोमीटरच्या तोडीची होती.

आकडा एकच असूनही चिप वेगळी निघते, याचा सर्वांत बोलका पुरावा क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपचा. २०२१ च्या अखेरीस आलेला स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनला, तर २०२२ च्या मे महिन्यात जाहीर झालेला ८ प्लस जेन १ तैवानच्या टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवर. दोन्हींत कोअर, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारे भाग, तेच: एक कॉर्टेक्स-एक्स२, तीन ए७१०, चार ए५१०. तरीही मुख्य कोअर ३ वरून ३.२ गिगाहर्ट्झवर गेला आणि सीपीयूला वीज सुमारे ३० टक्के कमी लागते, असे कंपनीनेच सांगितले. कारखाना बदलला की दर वेळी एवढा फरक पडतो, असेही नाही. ॲपलने २०१५ चा ए९ प्रोसेसर याच दोन कंपन्यांकडून बनवून घेतला, तेव्हा प्रत्यक्ष वापरात बॅटरीतला फरक २-३ टक्क्यांचाच असल्याचे ॲपलचे म्हणणे होते.

मग आकडा निरर्थकच का? नाही. एकाच कारखान्याच्या दोन पिढ्या ताडून पाहायला तो नक्की उपयोगी पडतो. ७ वरून ५ वर जाताना टीएसएमसीने तेवढ्याच विजेत १५ टक्के जास्त वेग किंवा तेवढ्याच वेगाला ३० टक्के कमी वीज, असा फायदा सांगितला होता. दोन्ही एकदम पुरते पदरात पडत नाहीत. चिप आखणाऱ्याने सगळा फायदा वेगावर खर्च केला, तर नवा फोनही जुन्याइतकाच तापतो. चिपच्या रचनेचे वजन तर याहून मोठे. २०१६ च्या फोनमधला स्नॅपड्रॅगन ६२५ हा १४ नॅनोमीटरचा, ६५२ हा जुन्या २८ चा. पण ६५२ मध्ये चार दमदार ए७२ कोअर होते आणि ६२५ मध्ये आठही साधे ए५३. बॅटरी ६२५ ची जास्त टिकायची, पण एका कोअरवर पडणाऱ्या जड कामात ६५२ त्याला सहज मागे टाकायचा.