संख्येचे नाव आणि संख्येचा आकडा



आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्याने गणिताच्या पाठाविषयी बोलावे, हा काहींना आगंतुकपणा वाटेल. परंतु लहान मुलाला गणित प्रथम भेटते ते शब्दांतून. आणि आपल्या बेळगाव परिसरात ते शब्द दोन भाषांचे असतात.

प्राध्यापक होण्यापूर्वी, १९७४ साली, सीमाभागातील एका प्राथमिक शाळेत मी काही महिने दुसरीचा वर्ग सांभाळला. 'पस्तीस' लिहावयास सांगितले की एक मुलगी नेमाने ५३ लिही. मी पाटीवर फुली मारी आणि 'लक्ष कुठे आहे?' म्हणून दटावी. पुढे पुढे ती पाटी कोपराआड लपवू लागली. एके सायंकाळी तिच्या वडिलांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक कन्नडमध्ये 'मूवत्तैदु' म्हणाले आणि तिने क्षणार्धात कागदावर ३५ लिहिले. माझी मान खाली गेली.

कारण सरळ होते. कन्नड शब्द आधी तीस सांगतो, मग पाच. आकडाही त्याच क्रमाने लिहिला जातो. मराठी 'पस्तीस' आधी पाच सुचवितो, मग तीस. ऐकले तसे लिहिणाऱ्या मुलीचे ५३ हे दुर्लक्ष नव्हते. तो तर्क होता.

२०१९ साली महाराष्ट्राच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा वाद झाला. डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण मांडली होती. 'पस्तीस' हा शब्द लोपावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु 'तीस पाच' ही त्या शब्दापर्यंत नेणारी पायरी म्हणून वापरण्यास भाषेच्या अभिमान्यांनी बिचकू नये.

असा पाठ आज घ्यावयाचा झाल्यास मी टाचणात उद्दिष्टाखाली पहिली ओळ लिहीन : मूल कोठे अडखळेल? मग ३५ व ५३, ४६ व ६४ अशा जोड्या निवडीन. वर्गात दहा-दहा काड्यांच्या जुड्या आणि काही सुट्या काड्या देईन. 'पस्तीस' म्हणताच मुलांनी तीन जुड्या व पाच काड्या उचलाव्यात. मग फळ्यावर मराठी शब्द, कन्नड शब्द आणि आकडा शेजारीशेजारी मांडावेत. कोणत्या भाषेत काय आधी येते, हे मुलांनाच शोधू द्यावे. तेथे कन्नड घरातले मूल वर्गाचा शिक्षक होते.

'एकोणतीस'ची गंमत निराळी. कन्नड 'इप्पत्तोंबत्तु' म्हणजे वीस नऊ. मराठी शब्द मात्र 'एकाने उणे तीस' सांगतो. तीन जुड्यांपैकी एक सोडून एक काडी काढली, की शब्दातील वजाबाकी हाताला कळते. एकोणतीस आणि पंधरा? तीस आणि पंधरा पंचेचाळीस, त्यातून एक उणा, चव्वेचाळीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही सोय आपल्या भाषेने आठ ठिकाणी करून ठेवली आहे. 'नव्व्याण्णव' तेवढा वेगळ्या वाटेने गेला.

आता मूल्यमापन. दहापैकी सहा गुण, एवढ्याने शिक्षकास काही कळत नाही. 'पस्तीस'साठी ५३ लिहिणाऱ्याचा क्रम उलटला आहे. ३०५ लिहिणाऱ्यास स्थानिक किंमत उमगलेली नाही. 'एकोणतीस'साठी ३९ लिहिणाऱ्याने 'तीस' ऐकला, 'उणे' ऐकले नाही. चुका तीन, उपाय तीन. म्हणून फुलीपूर्वी एक प्रश्न विचारावा : 'बाळ, हे कसे लिहिलेस?' उत्तर मुलाच्याच भाषेत ऐकावे, आणि दुसऱ्या दिवसाचा पाठ त्या उत्तरावरून आखावा.

ज्या गुरुजनांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या पिढीकडे साधने थोडी होती. मुलाचे ऐकून घेण्यास मात्र साधन लागत नाही. हे मला त्या दुकानाच्या पायरीवर उमगले. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीस फळ्याजवळ बोलावले आणि 'मूवत्तैदु' लिहावयास सांगितले. तिने ३५ लिहिले, आणि पाटी कोपराआडून बाहेर आली.