जुना पूल दिसला तर दोन मिनिटे थांबा

सुट्टीत सहलीला गेलेले कुटुंब हल्ली शे-दोनशे फोटो घेऊन परतते. त्यात बिर्याणीची ताटे असतात, बागा असतात, मुलांचे हसरे चेहरे असतात. पण ज्या पुलावरून नदी ओलांडली, त्या पुलाचा फोटो क्वचितच सापडतो. पूल ओलांडायचा असतो, पाहायचा नसतो, असेच आपण धरून चालतो.

युरोप-अमेरिकेत मात्र जुन्या लाकडी पुलांचे फोटो काढण्यासाठी लोक मुद्दाम प्रवास करतात. या पुलांवर घरासारखे छप्पर असते. लाकूड पावसात भिजले की कुजते, म्हणून खालच्या तुळया आणि सांधे वाचवण्यासाठी वर छत आणि बाजूंना फळ्या. पूल टिकावा म्हणून त्याच्यावर घर बांधायचे, अशी ही साधी युक्ती! आपल्या काश्मीरमध्येही लाकडी पुलांची मोठी परंपरा होती. सुलतान जैनुल आबिदीन यांनी पंधराव्या शतकात श्रीनगरला झेलमवर पूल बांधला. आज तेथे त्यांच्या वेळचे लाकूड नाही, पण ‘जैना कदल’ हे नाव टिकून आहे. कदल म्हणजे पूल.

एकच वर्ष, दोन पूल

स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहरात चौदाव्या शतकातला छताचा लाकडी पूल आहे. १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री त्याला आग लागली. पुलाचा बराच भाग आणि छताखालची सतराव्या शतकातील बहुतेक चित्रे जळाली. पूल पुन्हा बांधून एप्रिल १९९४ मध्ये खुला झाला. जळालेली मूळ चित्रे मात्र परत आली नाहीत.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला बोस्नियातील मोस्तारचा दगडी पूल युद्धात तोफांच्या माऱ्याने नदीत कोसळला. उस्मानी काळात, १५६६ मध्ये मिमार हैरुद्दीन यांनी तो बांधला होता. ते थोर वास्तुकार मिमार सिनान यांचे शागीर्द. चारशेहून अधिक वर्षे उभा असलेला हा पूल २००४ मध्ये पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. जुनी मोजमापे, नकाशे आणि फोटो होते, म्हणूनच हे जमले. ज्याची नोंद राहिली ते पुन्हा उभे करता आले.

आपल्या वाटेवर काय आहे?

आपल्याकडे छताचे लाकडी पूल नाहीत. पण जामनेरकरांना दूर जायचीही गरज नाही. पाचोरा-जामनेर ही आपली छोटी रेल्वे, म्हणजे सर्वांची लाडकी ‘पीजे’. अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटरची वाट. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता हा मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प आहे. रेल्वे मोठी व्हावी, ही तर सर्वांचीच इच्छा. पण मार्ग रुंद झाला की नाल्या-ओढ्यांवरचे ते लहान पूल बदलणारच. ज्या गाडीतून दादी माहेरी गेली, अब्बू परीक्षेला गेले, तिच्या पुलाचा एक तरी फोटो तुमच्या घरात आहे का?

पहूरहून पुढे फर्दापूर आणि घाट चढून अजिंठा गाव लागते. येथे रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने अनेक वर्षे मुक्काम केला. १८४४ पासून तो लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती रंगवत होता. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेल्या. दरम्यान गिलने कॅमेरा हाती घेतला होता. त्याने काढलेले अजिंठ्याचे आणि परिसरातील इमारतींचे फोटो आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. त्याची कबर आपल्या भुसावळमध्ये आहे.

तसेच पुढे औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) गेलात तर पाणचक्की आणि मकबरा तुम्ही पाहणारच. त्याआधी खाम नदीवर जरा थांबा. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा आणि मक्केच्या दिशेला तोंड असलेला मकाई दरवाजा, दोन्हींना लागून जुने दगडी पूल आहेत. बारापुल्ला दरवाजाच्या तर नावातच पूल आहे. पूल संपतो आणि माणूस कमानीच्या छताखाली शिरतो. छताच्या पुलाशी नाते सांगणारी आपली वास्तू शोधायची असेल, तर ती हीच.

फोटो कसा काढावा?

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. हातातला मोबाईल पुरे.

• आधी बाजूने संपूर्ण पूल घ्या. सगळ्या कमानी, खांब आणि खालचे पात्र एका चौकटीत यावे. पुलावर उभे राहून पूल दिसत नाही.
• मग जवळून घ्या: कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड, खांबाचे पाण्याला तोंड देणारे टोक, पुराची खूण, भेगा. फारसी शिलालेख असेल तर तो सरळ समोरून घ्या. तुम्हाला वाचता आला नाही तरी कोणी वाचील.
• सकाळच्या किंवा अस्रनंतरच्या तिरप्या उन्हात दगडाचे काम उठून दिसते.
• पुलाची उंची कळावी म्हणून शेजारी सायकल किंवा उघडी छत्री ठेवा. काही घरांत बुजुर्गांना माणसांच्या तसबिरी पसंत नसतात. पुलाच्या फोटोला कोणाचीच हरकत नसावी.
• त्याच दिवशी वहीत गाव, नदी, तारीख लिहा. तेथील एखाद्या वयस्कर माणसाला पुलाचे बोलीतले नाव विचारा. नावाविना फोटो म्हणजे पत्त्याविना पत्र.

उर्दू शाळा असो की मराठी, मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून हे काम द्यावे. इतिहास, भूगोल आणि भाषा तिन्ही त्यात येतात.

जीव आधी, फोटो नंतर

१५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि ४ जणांचा जीव गेला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या. म्हणून पावसाळ्यात, नदीला पाणी असताना, जुन्या पुलावर थांबूच नये. धोक्याचा फलक असेल तेथे पाऊल टाकू नये. रुळांवर किंवा काम चालू असलेल्या जागी उतरू नये. मुलांचा हात सोडू नये. चांगला फोटो काठावरूनच मिळतो.

जमिनीवर फिरून आधीच्या लोकांची निशाणी डोळे उघडून पाहावी, ही शिकवण आपल्या दीनमध्ये वारंवार आली आहे. पूल बांधणाऱ्यांची नावे बहुधा कोणाला ठाऊक नसतात. त्यांनी अनोळखी मुसाफिरांसाठी दगडावर दगड रचला. ही त्यांची सदका-ए-जारियाच. तो दगड जाण्याआधी त्याची नोंद ठेवणे आपल्या हातात आहे. दिवाळीची सुट्टी येतेच आहे. सुरुवात पहूर-शेंदुर्णीच्या वाटेवरून करा, कारण तेथले पूल फार दिवस वाट पाहणार नाहीत.