विंचू वजन बघत नाही

अक्कलकोटच्या रानात बांधावरचा काळा धोंडा उलथला आणि खाली विंचू निघाला, तर ती काही बातमी होत नाही. पण दोघांची वयं बघा. धोंडा दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. विंचवाचं कूळ ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत सापडतं. लाव्हा थंड होऊन त्याचा दगड झाला, तेव्हा हे घराणं ३६ कोटी वर्षांचं मुरलेलं होतं. घर आपलं आणि विंचू घुसला, ही आपली तक्रार या हिशेबात फारशी टिकत नाही.

जगात विंचवाच्या अडीच हजारांहून जास्त जाती आहेत. माणसाला मारू शकतील अशा जेमतेम काही डझन, आणि त्यातला एक आपल्याकडचा लाल विंचू. लोक घाबरतात ते काळ्याभोर, दणकट नांग्यांच्या इंगळीला. जीव घेणारा बहुधा हा बोटाएवढा, तांबूस, किरकोळ दिसणारा असतो. गोवऱ्यांच्या ढिगात, कडब्याच्या पेंढीखाली, उंबऱ्यात काढलेल्या चपलेत तो बसतो. आणि यातल्या प्रत्येक ठिकाणी मुलाचा हात किंवा पाय मोठ्या माणसाच्या आधी पोचतो.

एका नांगीतून साधारण एक मिलिग्रॅम सुकं विष अंगात गेलं असं धरू. म्हणजे साखरेचे एकदोन दाणे. या विषातली मारक प्रथिनं अगदी लहान असतात, साठ-सत्तर अमिनो आम्लांची एकेक साखळी. सगळं विष याच प्रथिनांचं मानलं, तर एका मिलिग्रॅममध्ये त्यांचे सुमारे साडेआठ कोटी अब्ज रेणू भरतात. मोठ्या माणसाच्या शरीरात पेशी आहेत अंदाजे ३० लाख कोटी. वाटणी केली तर एकेका पेशीच्या वाट्याला जवळपास तीन हजार रेणू! प्रत्यक्षात अशी वाटणी होत नाही. विषाला पेशींशी घेणंदेणं नसतं, त्याला हवी असतात मज्जातंतूंवरची सोडियमची दारं.

हे दार एरवी एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडतं. सेकंदाला कोटीभर आयन आत सोडण्याचा त्याचा वेग, त्यामुळे तेवढ्यातही दहा हजारांच्या आसपास आयन आत जातात, आणि दार बंद होतं. विष ते वेळेवर बंद होऊ देत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. मग मज्जातंतू थांबायचं विसरतात, ॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, आणि त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. शेवटी फुप्फुसात पाणी भरतं.

आता वजनाचा हिशेब करा. साठ किलोच्या बापाला एक मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे १७ मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या लेकराला तेच विष किलोमागे १०० मायक्रोग्रॅम पडतं. नांगी तीच, विष तेच, मात्रा सहापट.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचू चावलेली पोरं अशीच हातची जात होती. या माणसानं आधी काय केलं, तर नीट पाहिलं. उलट्या, अंग भिजवणारा घाम, गार पडलेले हातपाय ही पुढच्या धोक्याची वर्दी आहे, हे त्यांनी टिपलं, आणि १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आरोग्य केंद्रातल्या टेबलावरून लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात! आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यायचं आणि रक्तदाबावर डोळ्यांत तेल घालून बसायचं. खेड्यात ते जमायचं कसं? मग प्राझोसिन आलं, रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा पुरा नाही. विषापेक्षा उतारा वजनानं हलका! या गोळीच्या आधी गंभीर रोग्यांपैकी शंभरातले २५ ते ३० दगावत. नंतर हा आकडा एकाच्या आसपास आला.

पुढे २०११ साली ७० रोग्यांवरच्या महाडच्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे होते, नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

जगात वर्षाला विंचूदंशाच्या बारा लाखांवर घटना घडतात असा एक जुना अंदाज आहे, म्हणजे दर २६ सेकंदांना एक. मृत्यू तीन हजारांच्या पुढे. यातले बहुतेक दंश नुसतेच ठणकतात आणि दिवसभरात आपोआप शांत होतात, आणि विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाची पत टिकते ती नेमकी यावर. त्याचा यशाचा आकडा फारच चांगला असतो, कारण शंभरातले नव्वदहून जास्त त्याच्याकडे न जाताही बरेच झाले असते. उरलेल्यांचे पहिले दोन-चार तास मात्र तिथे, अंगाऱ्यात आणि मंत्रात जातात, आणि त्यात लहान मूल असलं तर तेवढे तास त्याच्याकडे नसतात.

सरकारी निकष सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. अक्कलकोटहून सोलापूर ४० किलोमीटर, आणि कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावांना त्याहून लांब. घाम फुटलेलं पोर घेऊन मोटारसायकलवर हे अंतर तासाभराचं. गोळी गावाजवळच्या केंद्रात मिळाली, तर हा तास ती पोटात गेल्यावर सुरू होतो.